ठराव संमत झाल्यानंतरचे कामकाज

२००३ च्या मार्चमध्ये अमेरिकी फौजा इराकमध्ये शिरल्या, त्या दिवसांत अमेरिकेतील अनेक राज्यांच्या विधिमंडळांसमोर जवळपास एकाच घडणीचे ठराव आले. आरंभी ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारे परिच्छेद, त्यांत राज्यातील स्त्री-पुरुष सैनिकांच्या धैर्याचा आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या त्यागाचा उल्लेख, मग ‘त्याअर्थी’ने सुरू होणारा मुख्य भाग, ज्यात सभागृह परदेशी तैनात असलेल्या सैनिकांना आपला पाठिंबा आणि कृतज्ञता व्यक्त करते, आणि अगदी शेवटी, या ठरावाच्या प्रती राष्ट्राध्यक्ष, संरक्षणमंत्री आणि काँग्रेसमधील, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय संसदेतील, राज्याचे प्रतिनिधी यांना पाठवाव्यात अशी सूचना. बहुतेक वेळा असे ठराव फारशा विरोधाविना संमत होतात. त्यांना कायद्याचे बळ नसते, त्यांच्यासाठी पैशाची तरतूद केलेली नसते आणि पुष्कळदा गव्हर्नरची स्वाक्षरीही लागत नाही.

असे ठराव मी बऱ्याच काळापासून आवडीने आणि बारकाईने वाचत आले आहे. त्यांना निव्वळ उपचार म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझे कधीच पटलेले नाही. सैनिकाच्या आयुष्यातील कोणत्या गोष्टी वॉशिंग्टनच्या हातात असतात आणि कोणत्या राज्याच्या राजधानीत ठरतात, हे एकदा नीट पाहिले की या ठरावाचे वजन कळते. युद्धाबद्दल राज्याला काहीही ठरवता येत नाही. युद्धावर गेलेल्या माणसाच्या घराबद्दल मात्र पुष्कळ काही ठरवता येते. म्हणून विधिमंडळाने ‘पाठिंबा’ म्हटला की तो कोणत्या कामात उतरणार, हे त्याच सभागृहाला विचारण्याचा हक्क नागरिकांना मिळतो, असे मी मानते.

आधी राज्याच्या मर्यादा पाहू. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील आठव्या कलमाने युद्ध पुकारण्याचा, सैन्य उभारण्याचा आणि त्यासाठी पैसा देण्याचा अधिकार काँग्रेसला दिलेला आहे. त्याच अनुच्छेदाचे दहावे कलम राज्यांना बजावते की काँग्रेसच्या संमतीशिवाय कोणत्याही राज्याने शांततेच्या काळात फौज बाळगू नये आणि युद्धात उतरू नये. प्रत्यक्ष आक्रमण झाले असेल किंवा थांबायला सवडच नाही इतका धोका समोर उभा असेल, तर तेवढाच अपवाद. इतक्या स्पष्ट शब्दांनंतर राज्याचे विधिमंडळ परदेशातील युद्धाबद्दल जे काही बोलेल, ते मताच्या पलीकडे जाऊ शकत नाही.

तरीही राज्यांचा या सैनिकांशी असलेला संबंध केवळ भावनेचा नाही, आणि याचे कारण नॅशनल गार्ड ही संस्था आहे. हे दल एरवी राज्याचे असते. पूर, वादळ, वणवा अशा प्रसंगी गव्हर्नरच्या आदेशाने ते बाहेर पडते. मात्र १९३३ पासून गार्डमध्ये भरती होणारी व्यक्ती एकाच वेळी राज्याच्या दलात आणि संघराज्याच्या राखीव दलात दाखल होते, आणि राष्ट्राध्यक्षांनी बोलावले की तिचे राज्याच्या दलातील स्थान तेवढ्या काळापुरते बाजूला पडते. १९८० च्या दशकात मध्य अमेरिकेतील धोरणावरून वाद पेटला, तेव्हा काही गव्हर्नरांनी आपल्या राज्यातील गार्डच्या तुकड्या सरावासाठी तिकडे पाठवण्यास हरकत घेतली. त्यावर काँग्रेसने १९८६ मध्ये एक दुरुस्ती केली, जी मिसिसिपीचे प्रतिनिधी सनी माँटगोमेरी यांच्या नावाने ओळखली जाते. देशाबाहेरील सेवेचे ठिकाण, हेतू, स्वरूप किंवा वेळापत्रक पसंत नाही एवढ्या कारणावरून गव्हर्नरला संमती नाकारता येणार नाही, असे तिने ठरवले. मिनेसोटाचे गव्हर्नर रूडी पर्पिच यांनी या दुरुस्तीला आव्हान दिले आणि १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या विरोधात निर्णय दिला. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी त्या निकालात लिहिले की गार्डच्या सदस्याच्या कपाटात तीन टोप्या असतात, नागरिकाची, राज्याच्या दलाची आणि लष्कराची, आणि एका वेळी त्यांतील एकच डोक्यावर असते. मला या निकालातील हे वाक्य फार मोलाचे वाटते, कारण टोपी कोणतीही असली तरी ती घालणारा माणूस त्याच गावात राहणारा असतो, ही गोष्ट त्यात आपोआप मान्य झाली आहे.

व्हिएतनामच्या काळात हे चित्र वेगळे होते. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६५ मध्ये युद्ध वाढवताना राखीव दले आणि गार्ड यांना मोठ्या प्रमाणावर बोलावण्याचे टाळले आणि सक्तीच्या भरतीवर भर दिला. त्या युद्धानंतर लष्कराची फेररचना झाली, तेव्हा राखीव दलांना मुख्य सैन्याशी इतके घट्ट जोडण्यात आले की पुढचे कोणतेही मोठे युद्ध त्यांच्याशिवाय लढणे अवघड व्हावे. त्याचा परिणाम इराकमध्ये दिसला. २००५ मध्ये तेथील अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे ४० टक्के गार्ड आणि राखीव दलांचे होते. गार्डची तुकडी सहसा एका परिसरातील लोकांची असते, त्यामुळे ती निघाली की तेथील शाळेतील शिक्षक, पोलीस, अग्निशमन दलाचे जवान आणि राज्याच्या कचेरीतील कर्मचारी एकाच वेळी जागेवरून उठतात. विधिमंडळातील एखादा सदस्यही कधी त्यांच्यात असतो. या लोकांना उद्देशून सभागृहाने काही म्हणणे अगदी स्वाभाविक आहे. काही न म्हणणेच विचित्र ठरले असते.

प्रश्न येतो तो काय म्हणायचे याचा. सैनिकाला पाठिंबा आणि युद्धाच्या धोरणाला पाठिंबा या दोन गोष्टी एका वाक्यात गुंफण्याचा मोह प्रत्येक सत्ताधारी पक्षाला होतो, आणि त्या वाक्यावर मतदान घेतले की विरोधकाची कोंडी होते. खुद्द काँग्रेसमध्ये असे घडले. २००३ च्या मार्चमध्ये प्रतिनिधिगृहासमोर आलेल्या ठरावात सैनिकांच्या कौतुकाबरोबर राष्ट्राध्यक्षांच्या नेतृत्वाचीही निःसंदिग्ध प्रशंसा होती. तो ३९२ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला, पण २२ सदस्यांनी होकार किंवा नकार न देता केवळ ‘उपस्थित’ अशी नोंद केली. त्या २२ जणांबद्दल मला आदर वाटतो. सैनिकांविरुद्ध मत दिल्याचा ठपका त्यांना नको होता आणि ज्या धोरणावर विश्वास नाही त्याला हात वर करणेही मान्य नव्हते. ठरावाचा मसुदा प्रामाणिक असता तर त्यांच्यावर ही पाळीच आली नसती.

राज्यांपुरते बोलायचे तर या मोहाला बळी पडण्याचे कारणही नाही, कारण धोरण त्यांच्या अखत्यारीत येतच नाही. उलट दिशेने मात्र काही विधिमंडळांनी वेगळी वाट धरली आहे, आणि त्यातील सर्वांत धाडसी उदाहरण मॅसॅच्युसेट्सचे. १९७० च्या एप्रिलमध्ये त्या राज्याने ठरावावर न थांबता थेट कायदाच केला: काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारले नसेल, तर राज्यातील रहिवाशाला परदेशातील सशस्त्र संघर्षात सेवा करण्यास भाग पाडता येणार नाही. गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि कायद्यातील तरतुदीनुसार राज्याच्या महाधिवक्त्यांनी संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड यांच्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने दावा दाखल करून घेण्यासच नकार दिला. तीन न्यायमूर्तींनी त्याला असहमती दर्शवली, आणि त्यांपैकी विल्यम डग्लस यांनी तर सविस्तर भिन्नमत लिहिले. कायद्याच्या दृष्टीने राज्य हरले. पण व्हिएतनाममध्ये आपली मुले गमावणाऱ्या एका राज्याने सर्वोच्च न्यायालयाला युद्धाच्या वैधतेचा प्रश्न विचारला, याची नोंद राहिली. सैनिकांची काळजी घेण्याचा तोही एक मार्ग होता, असे मला वाटते.

व्हरमाँटची हकिगत अधिक शांत आहे. २००५ च्या मार्चमध्ये त्या छोट्या राज्यातील चाळीसहून अधिक गावांनी आपल्या वार्षिक ग्रामसभांत इराक युद्धाविषयी ठराव केले आणि गार्डच्या तैनातीचा राज्यावर काय परिणाम होत आहे हे विधिमंडळाने तपासावे, अशी मागणी केली. पुढे २००७ च्या फेब्रुवारीत व्हरमाँटच्या विधिमंडळाने इराकमधून फौजा सुव्यवस्थितपणे परत आणाव्यात असा ठराव केला. सैनिकांबद्दल आस्था आणि युद्धाला विरोध या दोन्ही गोष्टी एका सभागृहात एकत्र नांदू शकतात, याचा तो पुरावा होता. त्या ठरावाशी सहमत असण्याचीही गरज नाही. त्यात दोन्ही भूमिका वेगवेगळ्या करून मांडता आल्या, हे महत्त्वाचे आहे.

आता राज्याच्या हातातील गोष्टींकडे येते, कारण माझी खरी तळमळ तेथे आहे. पैशाच्या बाबतीत काही राज्यांनी लवकर पावले उचलली. इलिनॉयने २००३ मध्येच सैनिकांच्या कुटुंबांसाठी मदत निधी उभारला आणि करदात्यांना आपल्या राज्य प्राप्तिकराच्या विवरणपत्रावर खूण करून त्यात देणगी देण्याची सोय केली. न्यू मेक्सिकोने २००५ मध्ये सेवेवर बोलावलेल्या गार्ड सदस्यांच्या २,५०,००० डॉलरच्या जीवनविम्याचा हप्ता राज्याच्या तिजोरीतून भरण्याचे ठरवले. त्या वर्षाच्या आरंभी सैनिकाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला केंद्राकडून तातडीने मिळणारी रक्कम अवघी १२,४२० डॉलर होती, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल समजते. ती रक्कम १,००,००० डॉलरपर्यंत त्याच वर्षी वाढली. अनेक राज्ये आपल्या कर्मचाऱ्याला लष्करी सेवेच्या काळात मूळ पगार आणि लष्करी पगार यांतील फरकही देतात.

पण पैशापेक्षा कठीण प्रश्न मुलांचा आहे. विवाह, घटस्फोट आणि मुलांचा ताबा हे विषय अमेरिकेत राज्याच्या कायद्याखाली येतात. घटस्फोटित आई इराकला गेली, मुलगा तात्पुरता वडिलांकडे राहिला, वर्षभराने ती परतली, आणि तोवर मुलाची शाळा, मित्र, दिनक्रम सारे त्या घरी रुळलेले असले, तर न्यायालय मुलाचे हित कशात पाहणार? स्थैर्यात, हे उघड उत्तर आहे, आणि त्या उत्तराने आईचा हक्क तिच्या गैरहजेरीतच झिजून जातो. केंद्राच्या २००३ च्या कायद्याने सेवेवर असलेल्या व्यक्तीला खटल्याला किमान ९० दिवसांची स्थगिती मागता येते. पण स्थगिती म्हणजे उत्तर नव्हे, आणि मूल तर तोवर वाढतच असते. वेगवेगळ्या राज्यांतील न्यायालये वेगवेगळे निर्णय देत राहिली. अखेर २०१२ मध्ये एकरूप कायद्यांचे मसुदे तयार करणाऱ्या आयोगाने तैनात पालकांच्या ताब्याविषयी आणि भेटीच्या हक्काविषयी एक नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला. तैनातीच्या काळात पालकाच्या संमतीविना ताब्याचा कायमचा आदेश काढू नये. केवळ पूर्वी झालेली किंवा पुढे होऊ शकणारी तैनाती पालकाच्या विरोधात मोजू नये. आणि जाणाऱ्या पालकाला आपल्या वाट्याचा सहवास आजी-आजोबा किंवा सावत्र पालक अशा जवळच्या व्यक्तीकडे सोपवता यावा, अशा तरतुदी त्यात आहेत. काही राज्यांनी तो स्वीकारला, काहींनी आपले वेगळे कायदे केले. सैनिकांना पाठिंबा देणारा ठराव जिथे एकमताने संमत होतो, त्या सभागृहात हा विषय मात्र समितीच्या खोलीत रेंगाळावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शाळांच्या बाबतीत राज्यांनी एकत्र येऊन चांगले काम केले आहे, हेही सांगायला हवे. २००८ मध्ये सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी आंतरराज्य करार अस्तित्वात आला आणि पुढील काही वर्षांत सर्व ५० राज्यांनी तो स्वीकारला. बदलीमुळे शाळा बदलली तरी मुलाचे वर्ष वाया जाऊ नये, हा त्याचा मुख्य हेतू. त्यातील एक तरतूद मला विशेष भावते: आई किंवा वडील तैनातीवर निघणार असतील, रजेवर आले असतील किंवा नुकतेच परतले असतील, तर मुलाला त्यांच्याबरोबर राहण्यासाठी जादा रजा देण्याची मुभा शाळेच्या अधिकाऱ्याला आहे. कोणीतरी घरातल्या मुलाच्या जागी बसून विचार केल्याशिवाय असे कलम लिहिले जात नाही.

मतदानाचा विषय जुना आहे. यादवी युद्धाच्या काळात पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६२ मध्ये छावणीत टाकलेली मते अवैध ठरवली, कारण मतदाराने आपल्या मतदारसंघातच मत द्यावे असे राज्याची घटना सांगत होती. मग १८६४ मध्ये राज्याने आपली घटनाच बदलली. २००० साली फ्लोरिडात ५३७ मतांच्या फरकाने राष्ट्राध्यक्ष ठरला, तेव्हा टपालाचा शिक्का नसलेल्या परदेशस्थ सैनिकांच्या मतपत्रिकांवरून मोठा वाद झाला. २००९ च्या केंद्रीय कायद्याने केंद्रीय निवडणुकांच्या मतपत्रिका किमान ४५ दिवस आधी पाठवणे बंधनकारक केले असले, तरी परत आलेली मतपत्रिका कधीपर्यंत स्वीकारायची हे आजही प्रामुख्याने राज्ये ठरवतात.

या सगळ्यात मिनेसोटाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण तेथे दोन्ही बाजू दिसल्या. चौतिसाव्या पायदळ डिव्हिजनची तेथील पहिली ब्रिगेड, जिला ‘रेड बुल’ म्हणून ओळखतात, २००६ मध्ये इराकला गेली. २००७ च्या जानेवारीत इराकमधील फौज वाढवण्याचा निर्णय झाला आणि घरी परतण्याचे दिवस मोजणाऱ्या या ब्रिगेडचा मुक्काम सुमारे चार महिन्यांनी लांबला. ती सलग १६ महिने इराकमध्ये राहिली. परतल्यावर असे आढळले की सुमारे २,६०० सैनिकांपैकी जवळपास निम्म्यांचे सेवा-आदेश ७२९ दिवसांचे लिहिलेले आहेत, आणि शिक्षणासाठीचा मोठा भत्ता मिळण्यास ७३० दिवस लागतात. एका दिवसाने हुकलेला हा हक्क मिळवण्यासाठी राज्याच्या लोकप्रतिनिधींनी जाहीरपणे आवाज उठवला, तेव्हा लष्कराला त्या आदेशांची फेरतपासणी करावी लागली.

त्याच राज्यातील गार्डने त्याच्या आधीच आणखी एक गोष्ट ओळखली होती. नियमित सैनिक युद्धावरून लष्करी तळावर परततो. तेथे डॉक्टर, समुपदेशक आणि त्याच अनुभवातून गेलेले शेजारी असतात. गार्डचा सैनिक मात्र काही दिवसांत थेट आपल्या घरी, तळापासून शेकडो मैल दूर येऊन पडतो, आणि त्या वेळच्या पद्धतीनुसार परतल्यावर पहिले ९० दिवस त्याला कवायतीला बोलावले जात नसे. विश्रांती मिळावी हा हेतू चांगला होता, पण ज्या तीन महिन्यांत झोप उडते, रागाचा भडका होतो आणि संसार डळमळतो, नेमक्या त्याच काळात तो आपल्या सोबत्यांपासून तुटत होता. मिनेसोटाने ३०, ६० आणि ९० दिवसांच्या टप्प्यांवर सैनिकांना कुटुंबासह एकत्र आणणारा कार्यक्रम सुरू केला, आणि पुढे २००८ च्या आरंभी काँग्रेसने त्याच धर्तीवर देशभरासाठी कार्यक्रम मंजूर केला. राज्याने दिलेला पाठिंबा साऱ्या देशाचा नियम झाला, हे पाहून मला खरोखर समाधान वाटते.

अलीकडे काही विधिमंडळांत वेगळी विधेयके येत आहेत. काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारल्याशिवाय राज्याने आपला गार्ड परदेशातील लढाईसाठी सोडू नये, असे ती म्हणतात. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधिगृहाने २०२४ च्या जानेवारीत असे विधेयक थोड्या मतांच्या फरकाने संमत केले, पण पुढे त्याचा कायदा झाला नाही. काँग्रेसने शेवटचे रीतसर युद्ध १९४२ मध्ये पुकारले होते, त्यामुळे या मागणीमागील अस्वस्थता मला समजते. पर्पिच यांच्या विरोधात गेलेल्या १९९० च्या निकालापुढे असा कायदा टिकेल असे मात्र मला वाटत नाही. सभागृहाची शक्ती या लढाईत खर्च होण्यापेक्षा जे निर्विवादपणे आपले आहे तेथे ती लागावी, अशी माझी इच्छा आहे.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. पुढचा असा ठराव ज्या राज्यात मांडला जाईल, तेथे राष्ट्राध्यक्ष आणि संरक्षणमंत्री यांच्याबरोबरच त्याच्या प्रती राज्याच्या अर्थसमितीला, कुटुंब कायद्याचा विचार करणाऱ्या समितीला, निवडणूक अधिकाऱ्याला आणि शिक्षण खात्याला पाठवाव्यात, आणि तैनात सैनिकांच्या कुटुंबांना राज्याच्या कायद्यांमुळे कोणत्या अडचणी येत आहेत याचा लेखी अहवाल या चौघांनी चालू अधिवेशन संपण्यापूर्वी सभागृहापुढे ठेवावा, असे एक वाक्य ‘त्याअर्थी’च्या भागात घालावे.